चार किलोची पिशवी आणि सात गारगोट्या

आबा,

आपल्या घरात पुन्हा काटा आला आहे. तुमच्या तागडीसारखा दोन पारड्यांचा नाही. मुठीत मावेल एवढासा, खाली हूक, वर काच, आणि काचेत आकडे पळतात. नातीनं पुण्याहून आणला. हुकाला पिशवी अडकवून उचलायची, आकडे थोडा वेळ पळतात नि मग दमून थांबतात. मी तिला म्हटलं, अगं, हा एकटाच बोलतो, याला खोटं पाडायला दुसरं पारडं कुठंय? ती हसली. तुम्हीही हसला असता, मिशीतल्या मिशीत, ज्याची मिरची तोलायचात त्या शेठला दिसणार नाही असे.

काटा कशाला, ते सांगते. उद्या सकाळी मी आणि ती धडगावच्या डोंगरात जाणार आहोत. नुसतं चालायला, बरं का. कोणाचं लग्न नाही, नवस नाही, बाजार नाही. धडगावपर्यंत जीप, नि पुढं तीन दिवस पायी. झोपायचं, खायचं, पांघरायचं सगळं पाठीवर. तिच्या ऑफिसातली पोरं असं नेहमी जातात म्हणे, सुट्टी घेऊन ओझं वाहायला. आपल्याकडे ओझं वाहून मग सुट्टी मिळायची. दिवाळीत ती म्हणाली, "आजी, यंदा तुझ्यासोबत जायचंय." मी पापड लाटत होते. लाटणं हातातच राहिलं. मला वाटलं थट्टा करते. पण नाही, महिनाभरानं तिनं माझ्या मापाचे बूटच पाठवले. आबा, सगळ्या जन्मात मला पहिले बूट आता मिळाले, तेही लाल नाडीचे. दोन दिवस मी ते घालून ओट्यावर बसले होते, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावेत म्हणून.

लेक मात्र बिथरला. म्हणाला, "माय, तुले पायच दुखाडना शेतस तं घरमा दुखाड ना, डोंगरमा कसाले?" मी म्हटलं, "घरमा तं रोजच दुखतस." संध्याकाळी शेतातून आल्यावर त्यानं अट घातली. आपली पिशवी आपण उचलायची, मारुतीच्या ओट्यापर्यंत जाऊन यायचं, मध्ये टेकायचं नाही. "जमनं तं जाय. पोरना गळामा पडशी तं नही." मी हो म्हणून बसले. त्याला काय माहीत, हीच अट मला आयुष्यात एकदा आधी कोणी घातली होती.

तर चार दिवस घरात नुसतं तोलणं चाललंय. नातीचं म्हणणं, माझी पिशवी चार किलोच्या वर जाता कामा नये. तिनं मोबाइलमध्ये यादी केली आहे, एकेका वस्तूचे ग्रॅम लिहून. तंबू असा की गुंडाळला तर काखेत मावतो. पिसांची रजई आहे, ती पिशवीत दाबली की उशीएवढी होते आणि सोडली की हळूहळू फुगत जाते, जणू कोणी झोपेत श्वास घेतंय. मी तिच्यावर हात ठेवून बराच वेळ बसले. हाताला काही लागेच ना. तुम्ही असता तर म्हणाला असता, पोरी, हे तोलायचं कसं, हे तर नुसतं ऊन आहे. आणि एक चूल आहे आबा, फुलासारखी उमलणारी, वाटीत मावणारी. नातीनं ती माझ्या हातावर ठेवली नि म्हणाली, "सांग, किती?" मी डोळे मिटले. म्हटलं, "अर्ध्या पावाला थोडी कमी." तिनं काट्याला लावली. एकशे अठरा ग्रॅम. ती इतकी किंचाळली की शेजारीण भिंतीवरून डोकावली.

हात तुमचा आहे, आबा. नंदुरबारला मैदानभर लाल मिरची वाळत घातलेली असायची, आणि कडेला तुम्ही शेठची तागडी टांगून उभे. मी आईसोबत देठ खुडायला यायचे. दुपारी तुम्ही मला सावलीला बसवून म्हणायचात, "डोया मिट. हात काय सांगस?" एका तळहातावर ओली मिरची, दुसऱ्यावर वाळलेली. ओली मूठभर, वाळलेली ओंजळभर, आणि दोन्ही सारख्या. मी चुकले की तुम्ही फक्त पुन्हा ठेवायचात. डोळे मिटले की पापण्यांच्या आतही लाल दिसायचं. अजून दिसतं. शाळा तिसरीत सुटली ती सुटली, पण हे मी शिकले. सासरी कणीक मोजायला मला माप लागलं नाही. पोरं झाली तेव्हा कुठलं पोर किती उतरलं, कुठलं भरलं, ते उचलल्याबरोबर कळायचं.

कुठून कुठं गेले. पिशवीचं सांगत होते. नातीनं दात घासायच्या ब्रशची दांडी अर्धी कापली, तेव्हा मला तिची विद्या समजली. म्हटलं, अगं, हे तर देठ खुडणं झालं! मग मीही बसले खुडायला. स्टीलचा डबा गेला, प्लास्टिकची पिशवी आली. पितळी फुलपात्र गेलं. तेलाची बाटली गेली, औषधाच्या इवल्या बाटलीत तेल आलं. कंगवा मोडून निम्मा केला. साडीवर मात्र मी अडले. तिनं पँट आणली होती, झिजू नये अशी. मी म्हटलं, पँटीत मी झाकली जाईन, पण रात्री पांघरू काय, ओलं डोकं पुसू कशानं, पाण्याचं भांडं चुलीवरून उतरवू कशानं, फांदीला झोळी बांधू कशाची? ती म्हणाली, "आजी, याला मल्टियूज म्हणतात." म्हणोत बापडे. पण सुती पातळ सहाशे ग्रॅम भरलं, नि भिजलं तर वाळायला अख्खा दिवस. तेव्हा मी पेटीच्या तळातून ती नायलॉनची काढली. कुठल्याशा लग्नात आहेर म्हणून आलेली, हिरवीगार, जी मी रागानं एकदाही नेसले नाही नि पुढं कोणाला द्यायचीही लाज वाटली. काट्याला लावली, तीनशे वीस! धुऊन दोरीवर टाकली, चहा होईस्तोवर वाळली. ज्या बाईनं दिली तिला मी वीस वर्षं मनात शिव्या घातल्या. आज तिची माफी मागितली, मनातच.

खायला तिनं पुड्या आणल्या आहेत, पाणी घातलं की भात होतो अशा. मी बिबडे घेतले. ज्वारीचे पापड, कागदासारखे, हातात धरले तर पलीकडचं दिसेल. नातीनं वजन केलं नि काटा पुन्हा एकदा लावून पाहिला. पाच दशम्या, दुधात मळलेल्या, तीन दिवस काही होत नाही त्यांना. आणि वाळलेल्या मिरचीची चटणी, ती तर वजनात धरायचीच नाही असं आमचं ठरलं. काल तिसऱ्या प्रहरी सगळं भरून हुकाला लावलं तेव्हा आकडे पळाले, थांबले, आणि बरोबर चार किलो. नातीनं मला उचलून गोल फिरवलं. मलाही काट्याला लावायचं राहिलं होतं तेवढं.

आबा, आता ते दुसरं सांगते, ज्याच्यासाठी वही घेतली.

मी नऊ वर्षांची असेन. आई बाळंतपणाला आडवी, आणि शेठनं तुम्हाला डोंगरात डिंक तोलायला पाठवलं. तिथले लोक शेठच्या माणसांची वजनं मानत नसत, तुमची मानत. म्हणून तागडी नि लोखंडी वजनं तुम्ही स्वतःच खांद्यावर नेत होतात. मी रडून रडून मागं लागले. तुम्ही एवढंच म्हणालात, "तुन्हं वझं तूच उचलशी तं चाल." माझं ओझं काय, एक परकर, दोन भाकरी, फडक्यात. ट्रकनं आपल्याला घाटाच्या पायथ्याशी सोडलं. पहिल्याच ओढ्यात मला गारगोट्या दिसल्या. पांढऱ्या, उन्हात आतून दिवा लावल्यासारख्या. मी सात घेतल्या. तुम्ही वळून पाहिलंत. "जे उचलशी ते तूच लई चालशी." घेऊन चालेन, अशी मी मान हलवली.

घाट उभा आहे. पायाखाली फुफाटा, वर निळे डोंगर, एकामागं एक, जितकं चालावं तितके मागं सरकणारे. फडकं खांद्याला कापतंय. दुपारी तुम्ही मोहाच्या झाडाखाली आडवे झालात. फुलं पडत होती, एक एक, टप, टप, तुमच्या धोतरावर, छातीवर. गोड, जड वास. मला झोप येत होती नि येत नव्हती. तुमची वजनांची पिशवी शेजारी होती. मी एक गारगोटी वजनांमध्ये सरकवली. फूल पडलं की एक सरकवायची, म्हणजे आवाज त्यात बुडेल, अशी माझी अक्कल. सातही सरकवल्या. तुम्ही उठलात, पिशवी खांद्यावर घेतलीत, आणि चालायला लागलात. थांबला नाहीत. मी मागून उड्या मारत आले.

डोंगरातल्या बाजारात लोक गोल करून बसलेत. तुम्ही पिशवीत हात घातलात आणि हात थांबला. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की मी काय केलंय. तोलाराच्या पिशवीत वजनांसोबत दगड! त्या लोकांनी एक जरी पाहिला असता तर शेठ राहिला बाजूला, तुमचा हात कोणी पुन्हा मानला नसता. तुमचा हात आतल्या आत चाचपत होता, डोळे समोरच्या म्हाताऱ्यावर, त्याला पाऊसपाण्याचं विचारत होतात. मग किलो बाहेर आला. मग अर्धा. मग पाव. एकही गारगोटी वर आली नाही. दिवसभर तोलत होतात, आणि माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

उतरताना माझं फडकं अजून हलकं, भाकरी संपलेल्या. घरी आल्यावर आईनं बाजेवरूनच विचारलं, "पोरनी तरास दिना का?" तुम्ही टोपी काढत म्हणालात, "नही व. तिन्हं वझं तिनीच उचलं." आई हसली. पुढं कित्येक वर्षं ती येईल त्या बाईला सांगायची, आमची पोर एवढीशी होती नि डोंगर चढून आली, आपलं ओझं आपण घेऊन. मीही मान ताठ करून उभी राहायचे. दुसऱ्या दिवशी गारगोट्या ओट्यावर ओळीनं मांडलेल्या होत्या. तुम्ही एक शब्द काढला नाहीत, मी काढला नाही, आणि पुढं कधीतरी तुम्ही देवाघरी गेलात.

मला इतकी वर्षं वाटायचं, तुम्हाला बाजारातच कळलं. मोती जपावा तसा तो मोहाखालचा तुकडा मी जपून ठेवला होता, की निदान घाटात तरी तुम्हाला पत्ता नव्हता, मी तुम्हाला फसवलं. आज सकाळी ते गेलं.

लेक ओट्यावर उभा होता, माझी परीक्षा घ्यायला. नातीनं पिशवी आणून दिली. मी पट्ट्याला धरून उचलली, आणि हातानं सांगितलं, साडेतीन. अर्धा किलो कमी. दशम्या आणि आणखी काहीतरी, बहुतेक पाण्याची रिकामी बाटली. मी नातीकडे पाहिलं. ती खाली बसून माझ्या बुटाची लाल नाडी बांधत होती, बांधलेलीच पुन्हा सोडून. तिच्या पिशवीचं पोट एका बाजूनं फुगलेलं. तिला माझा हात माहीत आहे, आबा. चूल तिनंच माझ्या तळहातावर ठेवली होती. तरीही.

मी पिशवी पाठीवर घेतली आणि चालले. मारुतीच्या ओट्यापर्यंत, हात लावून परत. टेकले नाही. पाठीवर काही आहे असंही वाटेना, जणू पिसांची ती रजई अंगातच भरली आहे नि पाय जमिनीपासून बोटभर वर. लेक बघत होता. म्हणाला, "सगळं शे ना व माय तुन्हामा? का पोरले दिधं?" मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी नात बोलली, नाडी सोडून उठत, "पप्पा, तिचं सगळं तीच नेतेय." लेकाची मान हलली. "मंग जाय," म्हणाला, आणि हसला, अगदी माझ्या आईसारखा.

तेव्हा कळलं. जो हात अर्ध्या पावाचा फरक सांगतो, त्याला सात गारगोट्या घाट चढताना कळणार नाहीत होय? तुम्ही मोहाखाली झोपला होतात की नाही, तेवढं मात्र आता विचारायचं राहिलं. मला वाटतं, नव्हतात.

सातातली एक अजून आहे, देवळीत, दिव्याशेजारी. ती परत ओढ्यात ठेवावी असं मनात होतं. हातावर घेतली, पावाच्या आसपास आहे. नको, ओझं वाढेल. ही वहीची पानं फाडून तिच्याखाली ठेवते, कागदालाही वजन असतंच. नात हाक मारतेय, तंबू घडी करायला माणूस हवाय तिला.

एवढंच सांगायचं होतं की ते ओझं मी उचललं नव्हतं, आबा. आणि आज पुन्हा नाही उचललं, तरी मान ताठ करून उभी राहिले. आणि मला जराही वाईट वाटलं नाही.