दाराबाहेरच्या बंदुका

ॲन आर्बर, ६ फेब्रुवारी २००५

ती. रत्नामावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुझ्याशी खोटं बोलले. माझा हात बर्फात घसरून मोडला नाही. नेपाळातल्या आमच्या दवाखान्यावर हातबॉम्ब पडला.

तिथे यादवी पेटलेली, पण दवाखाना सगळ्यांचा होता. सैनिक असो की बंडखोर, बंदूक दाराबाहेर ठेवूनच आत यायचा. एका बाकावर बसून एकमेकांच्या मुलांची चौकशी करायचे. लस टोचायच्या दिवशी गोळीबारही थांबायचा. मग आमच्या संस्थेच्या इथल्या, अमेरिकेतल्या ऑफिसनं तांदूळवाटप सैन्याकडे दिलं. पोती आमच्याच ओसरीवर, भोवती पहारा. बंडखोरांच्या गावांना दाणा नाही. शेवटी खिडकीतून बॉम्ब आला. आमची नर्स पवित्रा एका बाळाचं वजन करत होती. दोघांचं जे उरलं ते मी चादरीत गोळा केलं. संध्याकाळी सैनिकांनी नदीपलीकडची बंडखोरांची वाडी माणसांसकट जाळली.

आईला कळवू नकोस.

तुझ्या मायेची धनी,
सुमेधा

अल्फारेटा, ११ फेब्रुवारी

चि. सुमेधास,
अ. आ.

ज्यांच्या जखमा शिवल्यास त्यांनीच? मुडदा बशिवला त्यांचा! परत जायचं नाव काढलंस तर पासपोर्ट चुलीत घालीन. आमच्याकडे चूल नाही, हे मला शिकवू नकोस. काका दोन दिवस जेवले नाहीत.

पण बाई, एका पंगतीला वाढायचं आणि दुसरीला नुसतं बघत बसवायचं, हे कुठल्या शहाण्याला सुचलं? त्याला तोंडावर सांग. हात जप.

तुझी काळजी करणारी,
मावशी

ॲन आर्बर, २० मे

ती. मावशीस,
सा. न.

सांगितलं. ऑफिसवाले म्हणाले, पहारा वाढवू. मी म्हटलं, पहारा काढा आणि तांदूळ दोन्हीकडे द्या, नाहीतर मी पेपरवाल्यांकडे जाते. खूप ओरडले, पण ऐकलं.

काल पवित्राच्या नवऱ्याचा, टेकबहादुरचा, फोन आला. तांदूळ दोन्ही काठांना पोचला. मग दोन्हीकडचे म्होरके मोडक्या दवाखान्यात बसले आणि लसीकरण संपेपर्यंत गोळी झाडायची नाही असं ठरलं. पहिल्याच दिवशी एक माणूस मुलीला घेऊन आला. बॉम्ब त्यानंच टाकला हे गावाला ठाऊक. सगळे मुलं धरायला बसलेल्या टेकबहादुरकडे बघत राहिले. त्यानं पोरीला मांडीवर घेतलं, दंड धरला, टोचू दिलं, रडणं थांबेतो थोपटलं आणि बापाकडे परत दिलं. मग मागे जाऊन भडाभडा ओकला. मला म्हणाला, त्या माणसाच्या हातांकडे बघवत नव्हतं.

उद्या त्या माणसाची धाकटी टोचून घ्यायला येणार आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सुमेधा