खालून कापलेलं पत्र

थॉर्नक्लफ, यॉर्कशायर
१४ नोव्हेंबर १८५८

लाडके एस्थर,

तुला नि लेकरांना या म्हाताऱ्या सॅमदादाचे आशीर्वाद. आयर्लंडात यंदा बटाटे बरे निघाले का? इथे वाऱ्यानं चर्चच्या छपरावरची चार कौलं उडवली. प्रवचन अजून टिकून आहे, पाठ असलेलंच सांगतो. डोळ्यांवर पडदा आलाय. ओळी वाकड्या दिसल्या तर हाताखालची पट्टी घसरली समज.

पाहुणे येतच असतात. हॅरिएटनं लिहिलेली पुस्तकं वाचून येतात, तिच्या खुर्चीला हात लावतात, नि निघताना तिच्या हातचे दोन शब्द मागतात. लेक जाऊन तीन वर्षं झाली, परकी माणसं तिच्यासाठी रडतात, बापाच्या तोंडून 'नाही' निघत नाही गं. तिच्या पत्रांच्या पट्ट्या कापून देतो. सही खाली असते, म्हणून खालून.

घर सांभाळणारी डोर्कस करवादते, "मालक, ठेवा ती कात्री! पत्रं संपली की काय पोरीचे मोजे कापणार?"

बघ, सांगायचं ते राहिलंच.

मंगळवारी डोर्कस बाजारात गेली होती. मँचेस्टरचं एक जोडपं आलं. "आमची मुलगी गेली तेव्हा उशाशी हॅरिएटचंच पुस्तक होतं हो," म्हणत बाई रडू लागली. मी पेटीत हात घातला, लागला तो कागद उलगडला, चाचपून कापला. नावगाव विचारायचंही सुचलं नाही.

डोर्कस आली, उरलेला कागद पाहून ओरडली. "मालक, हे तुमचं होतं!"

हॅरिएटनं शेवटच्या आजारात मला लिहिलेलं. तीन वर्षं मी घडी मोडली नव्हती; नजरेआड राहावं म्हणून मीच ते इतर पत्रांत दडपलं. डोळ्यांचं निमित्त. डोर्कसनं वाचून दाखवलं असतं. धीर नव्हता, एस्थर. माझ्या हाताखालच्या पाद्र्याशी तिला लग्न करायचं होतं, मी होऊ दिलं नाही. त्यावर काय लिहिलं असेल, याचीच भीती.

डोर्कसनं वाचलं, त्यावर आता एवढंच उरलंय: "बाबा, त्या लग्नाचं म्हणाल, तर मी तुम्हाला"

पुढचं मँचेस्टरला गेलं.

त्याच आठवड्यात तिनं तुलाही लिहिलं होतं ना? त्यात माझ्याविषयी काही असेल, गोड वा कडू, उतरवून धाड. डोर्कस वाचेल, मी ऐकेन. मूळ पत्र मात्र धाडू नकोस. दारात कुणी रडलं, की माझा हात कात्रीकडे जातो.

ते माझ्यापासून जपून ठेव.

अर्ध्या ओळीवर थांबलेला,
तुझा सॅमदादा