कुणाचंच नसलेलं पाणी

अण्णा, तुम्ही ज्या इंग्रजी शब्दावर फुली मारली होतीत, त्याच शब्दावर आता माझं घर चालतं. अनटॅप्ड, म्हणजे अजून कुणी न वापरलेलं. माधापूरच्या आमच्या ऑफिसात मी गुंतवणूकदारांना दाखवायची सादरीकरणं तयार करते, आणि फोडणीत मोहरी तसा त्यात हा शब्द लागतोच. अनटॅप्ड मार्केट, अनटॅप्ड टॅलेंट. परवा एका पोरानं लहान गावांत घरी असलेल्या बायकांनाही तेच विशेषण लावलं. मी म्हटलं, अरे, त्या दिवसभर काय करतात ते तरी आधी विचारा. सगळे हसले, आणि स्लाइड तशीच राहिली.

हा शब्द मला मिळाला तुमच्याकडूनच. मी तेव्हा जामबागच्या शाळेत जायची. रविवारी सकाळी तुम्ही विद्यानगरच्या घरात, स्वयंपाकघरातच पाटावर बसून भूजल खात्याचे अहवाल तपासायचात. हातात टाइप केलेली प्रत, आणि मी मूळ मसुदा मोठ्यानं वाचायची. आई शेजारी भाजी निवडत असायची. अमुक गावाखालचं पाणी अनटॅप्ड आहे, असं वाक्य आलं की मला फार भारी वाटायचं. जमिनीखाली कुणीतरी आपल्यासाठी गुपचूप काही ठेवून दिलंय, असं. मग माझ्या निबंधांतही देशाची खनिजं अनटॅप्ड, तरुणांची शक्ती अनटॅप्ड, सगळंच अनटॅप्ड. आणि एका रविवारी मी तो शब्द वाचते, तर तुम्ही पेन काढून त्यावर फुली मारता. का, म्हणून विचारलं तर मलाच विचारता, मोरीचं पाणी कुठं जातं? मी म्हणते, वाया जातं. तुम्ही मला मागच्या दाराशी नेता. तिथं आईचं अळू, पानं सुपाएवढी. "मग हे कुणाचं पाणी पितंय?" तुम्ही विचारता.

मग एका गावाची गोष्ट सांगितलीत. पाणी कुणी वापरत नाही असं तुम्ही लिहिलंत, लोकांनी बोअर मारले, आणि दोन उन्हाळ्यांत खालच्या गावच्या विहिरी आटल्या. ते पाणी सावकाश झिरपत तिकडंच जात होतं. खालच्या गावाला कुणी विचारलंच नव्हतं, म्हणालात. आई मान वर न करता म्हणाली, "तुम्ही लिहिलं नसतं तरी लोकांनी बोअर मारलेच असते." तुम्ही पेनाचं टोपण लावलंत. तुमच्या दोघांत बरोबर कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि खरं सांगू, त्याचा विचार करायला मला आवडतं.

यंदा ते प्रकरण माझ्याच दारात आलं. मी अजून विद्यानगरातच आहे, फक्त आता फ्लॅटमध्ये. उन्हाळाभर टँकरची वाट बघून सगळी बिल्डिंग वैतागली होती. सोसायटीचे सेक्रेटरी एक दिवस बोअरच्या परवानगीचा अर्ज लिहून घ्यायला घरी आले. म्हणाले, "मॅडम, आपकी अंग्रेजी अच्छी है. पीछे का पानी अनटॅप्ड है बोलके एक लाइन लिख दो, बस." मी विचारलं, तुम्हाला कसं ठाऊक? तर म्हणाले, अजून कुणी काढत नाही ना तिथनं. मागच्या भिंतीपलीकडं एका तेलुगू मावशींचा बंगला आहे. त्या एकट्या राहतात, आणि त्यांचं न्हाणंधुणं, बाग, सगळं जुन्या विहिरीवर चालतं. त्या विहिरीचं काय, असं विचारलं. "उनका कुआँ उनका, हमारा बोअर हमारा," ते शांतपणे म्हणाले.

मी दोन दिवस मराठी शब्द शोधत बसले. पडीक म्हणावं, तर पडीक रानात कुणाची तरी गुरं चरतातच. शिल्लक म्हणावं, तर कुणाचं पोट भरून शिल्लक, हे सांगावं लागतं. शेवटी अर्ज लिहिला, तो शब्द टाळून, आणि शेजारच्या विहिरीची आधी पाहणी करावी अशी ओळ घालून. सेक्रेटरींनी वाचला, थँक्यू म्हणाले, आणि दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतला. बोअरची गाडी आली, दगडाच्या पिठानं सगळ्यांच्या खिडक्या पांढऱ्या झाल्या, आणि पाणी लागलं. मिठाई वाटली. आई असती तर माझ्याकडं बघून नुसती हसली असती.

तुम्ही होतात तेव्हा एक विचारायचं राहूनच गेलं, अण्णा. खालच्या गावात तुम्ही परत गेला होतात का? आटलेल्या विहिरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यात, की ऑफिसात बसून कळलं? गेला असाल तर तिथं कुणी पाणी विचारलं का, आणि तुम्ही ते प्यालात का? पूर्वी मी हे नुसत्या कुतूहलानं विचारलं असतं.

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून लिहिते. काल मी पोटभर न्हाले, केसांवरून, कितीतरी दिवसांनी बादल्या न मोजता. पाणी गोड आहे. मावशी रोज गच्चीवरून हाक मारतात, आवकायची, त्यांच्याकडच्या कैरीच्या लोणच्याची, बरणी भरून ठेवलीय, येऊन घेऊन जा म्हणतात. त्यांच्या स्वयंपाकघरात जायची वाट विहिरीवरूनच आहे. मी रोज येते येते म्हणते, आणि अजून गेलेले नाही.