रविवारच्या फोनमधलं जर्मन

रविवार, १० मार्च
मृण्मयी मे महिन्यात जर्मनीहून येत नाही. दुजोरा खुद्द लेकीचाच, आज तीनच्या व्हिडिओ कॉलवर. कारण : ऑफिसात नवा प्रोजेक्ट, रजा नाही. सु. फक्त "बरं" म्हणाली. बायकोचं "बरं" म्हणजे बरं नाही, हे चौतीस वर्षांत कळलंय.

नातीला, इराला, मेमध्ये पाचवं लागेल. मराठी जवळपास सुटलं. तिच्याशी बोलता यावं म्हणून डिसेंबरपासून जर्मन मालिका बघतोय, पोलिसांची. आज ती बाहुली दाखवत होती. मला 'काल संध्याकाळी तू कुठे होतीस' येतं. 'बाहुलीला ताप आलाय का' येत नाही.
सु. : "अहो, नातीला अटक करायचीय का तुम्हाला?"
मृ. आणि जावयाला, यानला, हा उद्योग सांगितलेला नाही. इथे आल्यावर एकदम बोलून दाखवायचं होतं.

बुधवार, १३ मार्च
सदराचा मजकूर दोन दिवस आधीच पाठवला. पेपरच्या डेस्कवरून निवृत्त झालो, तरी मुदत चुकवत नाही.
दुपारी दोन भाग. टीव्हीच्या खालच्या कडेला वर्तमानपत्राची पट्टी चिकटवली आहे, म्हणजे इंग्रजी भाषांतराच्या ओळी दिसत नाहीत. आधी कानाने, मग पट्टी उचलून पडताळा. दहातली सहा वाक्यं जमतात. भांडणं जास्त जमतात, कारण भांडताना माणसं तेच तेच म्हणतात.
सु. : "चांगल्या टीव्हीला मलमपट्टी."

रविवार, १७ मार्च
लिहावं की नाही, ठरत नव्हतं. लिहितो.
कॉल चालू असताना यान मागून गेला. आम्हाला हात केला. मग मृ.ला जर्मनमध्ये, आवाज न चढवता : "जाताना किल्ली टेबलावर ठेव. आणि पुढच्या वेळी येण्याआधी फोन कर."
मृ. आमच्याकडे बघून हसत होती. तसंच हसत त्याला म्हणाली, "आत्ता नको. ते बघतायत."
आमच्यासमोर जर्मन बोलणं म्हणजे त्यांच्या लेखी दार लावून बोलणं. ते दार माझ्यासाठी उघडं आहे, हे त्यांना माहीत नाही.
फोन ठेवल्यावर सु. : "यान किती हळू बोलतो ना. नाहीतर तुम्ही."


मंगळवार, १९ मार्च
माझी कच्ची भाषा, वर पोलिसी मालिका. सगळीकडे गुन्हाच दिसणार. एका वाक्यावर बातमी होत नाही.
पण बायकोला कुणी किल्ली ठेवून जा म्हणतं?

रविवार, २४ मार्च
सु. दर रविवारी कॉलमधल्या तिघांचा फोटो काढून ठेवते. आज ती भाजीला खाली गेली तेव्हा तिचा मोबाइल घेऊन डिसेंबरपासूनचे सगळे बघितले. आयुष्यभर फोटोंखाली ओळी लिहिल्या, पण लेकीचा फोटो असा कधी तपासला नव्हता.
यानच्या पायात मोजे. इराच्या पायात मोजे. मृ. जिथे जिथे पायापर्यंत दिसते, तिथे बूट. सोफ्यावर, घरात, तिकडच्या रविवारी सकाळी. जानेवारीतल्या एका फोटोत पर्स मांडीवर.
आमच्या घरात वाढलेली मुलगी. शाळेतून तापाने फणफणून आली होती, तरी चपला दाराबाहेर काढून आत आली.
स्वतःच्या घरात बूट कोण घालतं? ज्याला लगेच निघायचं असतं तो.

गुरुवार, २८ मार्च
दुपारी यानला फोन केला.
डेस्कवर एकच शिकलो : ज्याच्याविरुद्ध बातमी, त्याची बाजू घेतल्याशिवाय पान सोडायचं नाही. आधी जर्मन वाक्यं वहीत लिहून काढली. "माझी मुलगी कुठे राहते?" मालिकेतला अधिकारी विचारतो तसंच विचारलं गेलं. दुसरा सूर मला येतच नाही.
तो, लहान मुलाला सांगावं तसं सावकाश : डिसेंबरपासून वेगळे. मृ. नदीपलीकडे एका खोलीत. इरा आठवड्यात चार दिवस तिच्याकडे, तीन दिवस यानकडे. रविवारी मृ. त्याच्या घरी येते ती फक्त आमच्या फोनसाठी. "तिनेच तशी विनंती केली. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून."
मग त्याने विचारलं, "तुम्हाला जर्मन कधीपासून समजतं?"
खरं ते सांगितलं.
"मग तिला हे सांगावं लागेल," म्हणाला.
बातमी पक्की. पण डेस्कवर तक्रारदार आधी आपल्या दारात येतो. इथे तक्रार आलेलीच नव्हती.
सु.ला अजून...

रविवार, ३१ मार्च
तिकडे आजपासून घड्याळं पुढे, म्हणजे कॉल तीनऐवजी दोनला. सु.ने केस विंचरले, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. दोन. अडीच. "वेळेचा घोळ झाला असेल," सु. म्हणाली आणि तीनपर्यंत बसली.
तीन वाजून पाच मिनिटांनी मेसेज. मोबाइल सु.चा, पण मजकूर मला : "बाबा, माझ्याआधी त्याला विचारलंत."
सु. : "काय विचारलंत?"
सगळं सांगितलं. बुटांचंही. ती फोटो एकेक करून बघत राहिली.
"दोन आठवडे तुम्हाला ठाऊक होतं."
"खात्री करत होतो."
"आणि मला कोण सांगणार होतं? उद्याचा पेपर?"

बुधवार, ३ एप्रिल
यान वाईट निघाला असता तर सु.ला त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या. तेही नाही.
मृ.ला तीन मेसेज केले. तिन्ही वाचलेले. उत्तर नाही.
मजकूर पाठवला. विषय : विश्रांतवाडीतले फुटपाथ. ठीक झालाय.

रविवार, ७ एप्रिल
कॉल नाही.
दुपारी मालिका लावली. सु. पहिल्यांदाच शेजारी येऊन बसली. एक बाई रडत दार आपटून गेली. "काय म्हणाली?" सांगितलं.
थोड्या वेळाने : "तू बोलू नकोस, नुसती समोर बस, हे जर्मनमध्ये कसं म्हणतात?"
वही चाळली. या मालिकेत कुणी कुणाला असं म्हणतच नाही. सगळे एकमेकांना बोलायलाच लावतात.
"राहू दे," सु. म्हणाली. "तिला मराठी येतं."
तिने तेवढंच टाइप करून मृ.ला पाठवलं. प्रश्न नाही, सल्ला नाही. मी सुधारायला हात पुढे केला, तिने मोबाइल बाजूला घेतला.

रविवार, १४ एप्रिल
जयंती. सकाळपासून चौकात निळे झेंडे, ढोल, स्पीकर; दारं-खिडक्या थरथरतायत. मोबाइल वाजला तेव्हा ऐकूच आला नाही. सु.ने नंतर बघितलं. मृ.चा मेसेज : "पुढच्या रविवारी दोनला फोन करते. माझ्या खोलीतून. बाबांना सांग, काही विचारू नका."
सु.ने मोठ्यांदा वाचून दाखवलं, स्पीकरच्या वरताण. मग मला, "ऐकू आलं ना?"
"आलं."
इरा असेल का, लिहिलेलं नाही. मृ. तिथेच राहणार की इकडे येणार, तेही नाही. विचारायचं नाही.
टीव्हीवरची पट्टी काढली. गोंदाचा डाग राहिला आहे.
रविवार, २१ एप्रिल, दुपारी दोन. फोन ती करणार. मोबाइल सु.च्या हातात. मी समोर न येता बाजूच्या खुर्चीत, मृ. बोलावेपर्यंत.