पन्हळ माझी, पत्रा मालकाचा

प्रिय लुयांदो,

शेजारची एस्नार्ट मावशी माहेरी निघाली आहे आणि तिची बस तुमच्या गावावरूनच जाते, म्हणून घाईघाईनं लिहायला बसले. फोन केला असता, पण तिथला फोन माइन्झाकाकांचा. त्यावर बोललेलं सगळ्या अंगणाला ऐकू जातं.

इकडे माझाबुका शहरात पाऊस ओसरलाय. उसावरून संध्याकाळी गार वारं येतं. मी दुकानात शाळेचे गणवेश शिवते, नव्या सत्राची गडबड आहे. तुझ्या मापाचे कपडे हातात आले की उगाच टीप जरा बारीक घालते.

तुला आठवतं, रविवारी तुझे बाबा ते मोठे गमबूट घालून घराभोवती फिरायचे? एखादी बिजागरी कुरकुरली की तेल, मोरी तुंबली की तार. मी म्हणायचे, ‘घर काय आपलं आहे?’ ते म्हणायचे, ‘भिंती मालकाच्या, पण राहणं तर आपलं आहे ना!’ त्यांची मयत झाल्यावर तुला गावी नेताना माइन्झाकाका मला म्हणाले, “पावसाळा संपला की सामान घेऊन तूही ये. भाड्याचं घर एकट्या बाईला पेलत नाही.” दुखवट्याच्या घरात भांडू नये, म्हणून मी गप्प बसले. तू बसच्या खिडकीतून बघत होतीस. मी गप्प बसले ते तू बघितलंस, हे मला माहीत आहे.

मग घरमालक हामूंगा आले. हॅट काढून बसले, दोन शब्द चांगलेच बोलले, आणि मग म्हणाले, “लुयांदोच्या आई, चीलो होता तोवर मला या घराकडे बघावं लागत नव्हतं. आता कोण बघणार?” मी म्हटलं, “मी.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. “बघू. एवढा पावसाळा काढा. मग बोलू.”

म्हणजे दोघांनीही माझं भवितव्य पावसाळ्यावरच टाकलं होतं. त्या दिवशी मी ठरवलं, हा पावसाळा मी काढणार.

सुरुवात फजितीनं झाली. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. बाबांचा पाना घेतला, नळ खोलला, आणि पाणी थेट छताला! बाहेरची मुख्य चावी आधी बंद करायची असते, हे कुणाला ठाऊक! मी दोन्ही हातांनी नळ दाबून ओरडत होते, तर एस्नार्ट दारात उभी राहून म्हणते, “अगं, आंघोळच करायची होती तर न्हाणीत जायचंस!” मग तीच पळाली आणि फाटकाजवळची चावी फिरवून आली. झिजलेला वायसर घेऊन मी बाजारात गेले, तसाच नवा आणला, बसवला. आता ठिबकत नाही. पण तो बंद झालेला नळ बघून मी चुलीपाशी बसून रडले. ठिबकणं थांबवणारे हात या घरात होते, ते आता नव्हते. थोड्या वेळानं उठले आणि मोरी साफ करायला घेतली.

पुढे एकेक शिकत गेले. गवत वाढू दिलं नाही, कारण गवतात साप आणि डबक्यात डास. कोबा लाल पॉलिशनं घासला. सगळ्यांत वाईट काम पन्हळीचं. आपल्या आंब्याची पानं तिच्यात साचून लगदा होतो. बाबांचे गमबूट मला मोठे होतात, त्यांत चिंध्या कोंबून शिडीवर चढले. खाली शिडी धरून एस्नार्ट म्हणे, “परक्याच्या घराला एवढं कोण पुसतं? पडलीस तर मालक रडायलाही येणार नाही!” मी वरूनच ओला लगदा खाली टाकला. तो तिच्या डोक्यावर पडला. मुद्दाम नाही टाकला गं. निदान सगळा नाही.

जानेवारीत, आपल्याकडचा पाऊस ऐन भरात असताना, छत गळायला लागलं. बरोबर तुझ्या पलंगावर. पलंग ओढला, खाली पातेलं ठेवलं आणि मालकांना निरोप धाडला. ते आले, तेही चांगले बूट घालून, आणि उंबऱ्यातूनच म्हणाले, “पन्हळ तुंबली की पाणी उलटं घरात शिरतं. पन्हळ साफ ठेवणं भाडेकरूचं काम. काय ते तुम्हीच निस्तरा.”

 लुयांदो, मी शिडी आणून भिंतीला लावली. “बरोबर बोललात. ते काम माझंच. चढा आणि बघा.” ते म्हणाले, “मी? या बुटांनी?” मी गमबूट पुढे केले.

चढले बिचारे. पन्हळीत एक पान सापडलं, तेही त्यांच्यासमोरच वरून पडलेलं. बाजूच्या पत्र्यावर मात्र खिळ्याभोवती गंजून बोट जाईल एवढं भोक. त्यांनी खरंच बोट घालून पाहिलं. मी खालून म्हटलं, “पन्हळ माझी, पत्रा तुमचा. माझं काम मी केलंय.” एस्नार्ट कुंपणापलीकडून खोकली. तो खोकला नव्हता. खाली उतरून हामूंगा हात पुसत राहिले, मग म्हणाले, “पत्रा जुना झालाय खरा.” त्याच आठवड्यात नवा बसला.

परवा ते पुन्हा आले. नळ फिरवून पाहिले, मोरीत पाणी ओतून पाहिलं. “दीर कधी येतायत तुम्हाला न्यायला?” मी म्हटलं, “येत नाहीयेत. भाडेकरारावर अजून चीलोचं नाव आहे, ते बदलायचं म्हणून तुम्हाला बोलावलं.” बराच वेळ खिसे चाचपून त्यांनी पेन काढलं.

आता हे घर माझ्या नावावर भाड्यानं आहे, लुयांदो. काल मी माइन्झाकाकांना फोन केला. ते म्हणाले, “पोरगी इथे रमलीय.” मी विचारलं, “असं ती म्हणाली का?” ते पिकापाण्याचं सांगायला लागले. म्हणून हे पत्र. शनिवारी सकाळच्या बसनं मी तुला न्यायला येते आहे. काकांशी मी बोलेन, नीट आणि मानानं बोलेन, पण या वेळी गप्प बसणार नाही. तुझी शाळेतली जागा बाईंनी राखून ठेवली आहे. तू फक्त कपडे बांधून ठेव. आणि एक, तुझ्या खिडकीची डासांची जाळी फाटली आहे. नवी आणून ठेवलीय, पण लावलेली नाही. एका माणसाला ती ताणून धरायलाच लागते.

तुझीच,
आई