वीस श्वास

७ मार्च १९८८, सोमवार
आमच्या नर्सिंग शाळेच्या मुली वॉर्डात पेशंटचे श्वास मोजत नाहीत. कॉम्प्युटरने उघड केलं. पुरुष वॉर्डाचे फेब्रुवारीचे तक्ते मीच त्यात भरले — ४१२ नोंदी. ३९६ ठिकाणी मिनिटाला वीस श्वास. दमेकऱ्याचेही वीस. अकरा नंबर कॉटचे आजोबा संध्याकाळी घरी गेले. दुसऱ्या सकाळी रिकाम्या कॉटचेही वीस!

८ मार्च
प्रिन्सिपॉल नलिनी मॅडमना कागद दाखवला. वाटलं, मुलींना पुन्हा मोजायला शिकवू म्हणतील. त्यांनी अकरा नंबरवर बोट ठेवलं. "सही कुणाची?"
द्रौपदीची. शेवटचं वर्ष. वडिलांची गिरणी बंद, गोवंडीचं सगळं घर हिच्या निकालाकडे डोळे लावून.
"परीक्षेला बसवायचं नाही हिला. तसा अहवाल दे."
म्हटलं, "वॉर्डात सतरा मुली आहेत. दिला तर सगळ्यांचा देईन."
"घाटकोपरला सहा महिने कॉम्प्युटरचा क्लास केलास म्हणून मला शिकवू नकोस."
शिकवत नव्हते. आकडे वाचत होते.

१० मार्च
द्रौपदी आली. चपला बाहेर काढून, कॉम्प्युटरकडे न बघता.
"सिस्टर, तुमच्या या डब्याने माझी वाट लावली ना."
खरं आहे. विचारलं, मोजलं का नाहीस?
"तीस कॉट, एक तास. ताप बघते, नाडी मोजते. श्वास कोण विचारतंय? पहिल्याच दिवशी सीनियर म्हणाली, वीस लिही, कुणी ओरडत नाही."
आणि आजोबा?
"तक्ता लटकत होता. भरला."
रडली नाही. बरं वाटलं.

११ मार्च
अहवालासाठी शिपाई शिवदास दोनदा आला. दोनदा रिकाम्या हाती गेला.

१२ मार्च
मॅडम सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आमच्या वेळी हे चालत नव्हतं."
मी याच शाळेत शिकले. तेव्हाही तक्ते त्याच तपासायच्या. रेकॉर्ड रूममधून जुने गठ्ठे काढलेत. वीसच वीस असलेला, त्यांच्या सहीचा एक तक्ता पुरे.

१४ मार्च
सापडला. जुलै १९८१, पुरुष वॉर्ड. तेवीस पेशंट, सगळ्यांचे श्वास वीस. तपासणारी म्हणून मॅडमची सही. भरणारी म्हणून माझी.
मी मोजायचे, असं इतकी वर्षं मला वाटत होतं.
अहवालासाठी नावांची यादी टाइप केली. शिवदासकडे दिली नाही, मॅडमच्या टेबलावर स्वतः ठेवून आले. अठरा नावं. पहिलं माझं.