साल कुटायच्या यंत्राची वाटणी

मी लिसिआते माहे, वय चोवीस, गाव वावाउ बेटांवर, सध्या मुक्काम परदेशात, पोर्ट लिंकनला. डोकं ठिकाणावर आहे, कोणाचा धाक नाही, प्यायलेलोही नाही. द्राक्षाचे मळे सोडून उद्या टूना मासे धरायच्या बोटीवर चढतोय, म्हणून हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. शाळा थोडकीच झाली, चुका पोटात घाला.

गिटार धाकट्या केपूला. निदान सुरात लावून वाजव रे.

खरी गोष्ट यंत्राची. डिझेल इंजिन जोडून तुतीची साल कुटायला मी ते गावात उभं केलं, आमचं सालीचं कापड लवकर व्हावं म्हणून. केपू म्हणतो, "दादा, राजधानीला नेऊ, इथे गंजेल." अनासेईनी आत्या म्हणते, "माझ्या हाती दे, समुद्रात बुडवते. बायका एकत्र बसून कुटायच्या, गायच्या. तुझ्या धुडानं घर मुकं केलं, गाढवा!" आमच्यात बापाच्या बहिणीचा हक्क पहिला, माझ्यामागे ती काहीही उचलू शकते. आत्या, उचलायच्या आधी ऐक.

विद्यापीठातली लाविनियाताई यंत्रानं गावात काय बदललं ते बघायला दरवर्षी येते, चटईवर शिंपले मांडून दोऱ्यांनी जोडते. कशामुळे काय वाढलं, काय घटलं. पहिल्या वर्षी मी म्हटलं, "यंत्र चाललं की फसलं, एवढं सांग ना." ती म्हणाली, "आज रोप लावून उद्या नारळ मागतोस होय रे?" मग हळूहळू दिसलं. कापड वाढलं, तशी साल संपली. साल संपली, म्हणून बायका झाडं लावायला पुन्हा एकत्र आल्या. तिथेच पोरींना हलका हातोडा सुचला, तो यंत्राला बसला. आणि गाणं तुतीच्या मळ्यात गेलंय, आत्या. तुझ्या गुडघ्यांमुळे तू तिथवर जात नाहीस, एवढंच.

तेव्हा वाटणी अशी. इंजिन केपूचं. हातोडे मळ्यातल्या बायकांचे. इंजिन सुरू करायची दांडी आत्याची. एकट्याला कोणालाच चालवता येणार नाही, हे मुद्दाम. यंत्र झाडांजवळ हलवावं आणि केपूने आत्याला गाडीत बसवून तिथे न्यावं. लाविनियाताईने शिंपले मांडत राहावं. निकाल सांग म्हणून तिला कोणी छळू नये, जेवायला मासा मात्र चांगला वाढावा.

मळ्यातलं गाणं ऐकूनही बुडवावंसं वाटलं, तर आत्या, दांडी तुझीच आहे. समुद्र कुठे पळत नाही.

सही: लिसिआते माहे
पोर्ट लिंकन, ९ जानेवारी २०२४

साक्षीदार: विलिसोनी काटो, खोलीतला सोबती
साक्षीदार: सिओसिफा लोलोहेआ, बोटीवरचा आचारी. आत्याला मी ओळखतो. गाडीत बसायला ती आधी नाहीच म्हणेल, केपूने दोनदा विचारावं.